शब्दचर्चा : थाप, सबब, निमित्त, बतावणी आणि भिडेचं बोलणं

हल्ली कथांमध्ये आणि मालिकांच्या संवादांत 'पांढरं खोटं' असा, इंग्रजी 'व्हाइट लाय'वरून घेतलेला, प्रयोग वारंवार दिसतो. कुणाचं नुकसान होत नाही, उलट समोरच्याचं मन राखलं जातं, असं खोटं. मला हा शब्द पटत नाही. मराठीत पांढऱ्या रंगाला निरुपद्रवीपणाचा अर्थ फारसा नाहीच. 'पांढऱ्या पायाची' म्हणून कितीतरी सुनांना हिणवलं गेलं, 'पांढरं कपाळ' म्हणजे वैधव्य, घाबरलेला माणूस पांढराफटक पडतो. पैसा तेवढा पांढरा असला की चोख. त्यामुळे 'पांढरं खोटं' ऐकून मराठी कानाला काही बोध होत नाही. शिवाय आपल्याकडे या प्रांतातले शब्द एवढे आहेत की उसनवारीची गरज नाही. फक्त आपण ते सरसकट एकमेकांच्या जागी वापरायला लागलो आहोत, म्हणून ही चर्चा.

समजायला सोपं जावं म्हणून आमच्या ऑफिसातल्या दोघांचं उदाहरण घेते. त्यांना विचारूनच लिहिते आहे. ऑफिस लोअर परळला. तो अकाउंट्समध्ये, राहायला मुलुंडला. ती परचेसमध्ये, राहायला गोरेगावला. म्हणजे तो मध्य रेल्वेवाला आणि ती पश्चिम रेल्वेवाली. त्याला करी रोड स्टेशन जवळ, तिथून मुलुंडची स्लो थेट मिळते. तरी गेल्या पावसाळ्यापासून तो रोज संध्याकाळी तिच्याबरोबर लोअर परळ स्टेशनवर जायला लागला. "दादरला जरा काम आहे." मग प्रभादेवी, मग दादर. तिथे उतरून, पूल ओलांडून, मध्य रेल्वेच्या फलाटावर जाऊन पुन्हा गर्दीत शिरायचं. दोन स्टेशनांच्या सोबतीसाठी एवढी उठाठेव. आणि तीही काही कमी नाही. "आज लेडीजला फार गर्दी दिसतेय," असं म्हणून जनरल डब्यात चढायची. संध्याकाळी साडेसहाला लोअर परळहून जनरल डब्यात चढलेल्या कोणत्याही बाईला विचारा, हे कारण किती खरं असू शकतं.

आता याला थाप म्हणायचं का? ऑफिसातले सगळे तेच म्हणाले, "काय थापा मारतात दोघं!" माझ्या मते हे चूक आहे. थापेत ऐट असते. थाप तबल्यावर पडते, पाठीवर पडते, तिचा आवाज व्हावा लागतो. 'मी एकदा वाघाच्या समोरून सायकल नेली' ही थाप. ती ऐकायला चार माणसं लागतात, आणि त्यांतल्या दोघांना ती थाप आहे हे कळलेलं असलं तरी मजा जात नाही. लोणकढी थाप तर त्याहून खास. लोणी कढवून नुकतंच काढलेलं तूप ते लोणकढं. तशीच ही ताजी, तिथल्या तिथे काढलेली, सत्याची जराही भेसळ नसलेली. म्हणून आपण 'थापाड्या' हसत म्हणू शकतो, पण 'खोटारडा' म्हटलं की माणूस दुखावतो. मुंबईत याच गोतातले 'फेकतोय', 'पुड्या सोडतोय', 'टेपा लावतोय' हे प्रयोग आहेत आणि त्या सगळ्यांत बोलणाऱ्याची बढाई गृहीत आहे. 'दादरला जरा काम आहे' यात बढाई कुठे आहे?

मग सबब? हा शब्द मला फार आवडतो. मुळात अरबी, अर्थ नुसता 'कारण'. सरकारी आणि कोर्टाच्या मराठीत तो अजून त्या अर्थाच्या जवळ आहे: 'सबब, अर्ज नामंजूर करण्यात येत आहे' म्हणजे 'म्हणून नामंजूर'. आमचा हा गडी स्वतः रोज अशी पत्रं लिहितो, 'सबब सदर बिल परत पाठवत आहोत'. पण बोलताना 'सबब' म्हटलं की ते कारण खोटं असणार, हे आपण धरूनच चालतो. सबब बोलणाऱ्याला वाचवते. लेट मार्क लागू नये म्हणून सिग्नल बिघडतो, ट्रॅकवर पाणी येतं, काकांना ॲडमिट करावं लागतं. आता प्रत्येकाच्या मोबाइलवर गाडीची खबर असते, त्यामुळे रेल्वेची सबब फार टिकत नाही, पण शब्द मात्र टिकून आहे.

दादरच्या कामाला बरोबर शब्द 'निमित्त'. टाळायचं असेल तर सबब सांगतात, भेटायचं असेल तर निमित्त काढतात. क्रियापदंही वेगळी आहेत, बघा. सबब पुढे करतात, निमित्त शोधतात. आता 'निमित्त सांगणे' आणि 'सबब काढणे' म्हणून पाहा, जीभ अडखळते. हा फरक जपायला हवा असं मला मनापासून वाटतं, कारण तो शब्दाच्या आतला नाही, माणसाच्या हेतूतला आहे.

चौथा शब्द बतावणी. तमाशात गण, गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग. बतावणीत दोघं एकमेकांना ओळखत नसल्यासारखे प्रश्न विचारतात, उलटसुलट उत्तरं देतात, आणि प्रेक्षकांना सगळं माहीत असतं. आमच्या ऑफिसात चार महिने हेच चाललं होतं. दिवसभर "मॅडम, परचेस ऑर्डरची कॉपी मिळेल का?" आणि "सर, आज पाठवते." एके दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर तो तिच्या टेबलाशी व्हाउचर घेऊन आला आणि घाईत बोलून गेला, "अगं, इथे तुझी सही राहिलीये." बोलल्यावर त्याचं त्यालाच कळलं. लगेच सावरून म्हणाला, "म्हणजे... आपली सही." 'तुझी'वरून थेट 'आपली'! वयाने मोठ्या असलेल्या आमच्या एक बाई शांतपणे म्हणाल्या, "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही." बतावणी तिथे संपली. हा शब्द लोक नुसता 'ढोंग' या अर्थाने वापरतात, पण ढोंगात फसवणूक आहे. बतावणीत निदान थोडा तरी खेळ आहे.

इथपर्यंत सगळं गमतीचं. खरी गुंतागुंत झाली ती पाचव्या शब्दाने, भिडेने.

'भीड' हिंदीत गर्दी. मराठीत भीड म्हणजे समोरच्याच्या भावनेचा आपल्यावर पडणारा दाब. भीड पडते, भीड घालतात, भीड मोडवत नाही, आणि जवळीक वाढली की भीड चेपते. सतत या दाबाखाली असतो तो भिडस्त. 'भीड भिकेची बहीण' म्हणून आपण तिला नावंही ठेवतो. एक भावना आणि तिच्याभोवती एवढी क्रियापदं! मन राखण्यासाठी जे खोटं बोललं जातं, त्याला मराठीत 'भिडेखातर बोलणं' म्हणतात. यात बोलणाऱ्याचा फायदा नाही, समोरच्याला लागू नये एवढंच.

तो कविता करतो. रात्री तिला पाठवायचा. ती थकून आलेली, स्वयंपाक व्हायचा असायचा, म्हणून न वाचताच "छान!" लिहून मोकळी. वाईट हेतू अजिबात नाही. पुढे २७ फेब्रुवारी आला. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन, ऑफिसात छोटा कार्यक्रम असतो. त्याने विचारलं, कोणती वाचू? ती म्हणाली, "ती शेवटची वाच ना, फार छान होती." त्याने ती सगळ्यांपुढे वाचली. नंतर चहा घेताना सहज विचारलं, "तिसरं कडवं जरा लांबलं का गं?" ती म्हणाली, "छे, तिसरंच तर सगळ्यात छान." कवितेला कडवी दोनच होती.

त्या संध्याकाळी तो करी रोडहून गेला. तिने फोन केला, "काय झालं?" उत्तर आलं, "काही नाही." मला विचाराल तर मराठीतलं सगळ्यात मोठं खोटं हेच. तिला वाटत होतं, एका 'छान'चं एवढं काय. त्याला वाटत होतं, हे 'छान' भिडेचं असेल तर बाकीचीही तशीच असतील. कविता सोडा, 'तुझ्याबरोबर बरं वाटतं' हेही भिडेने म्हटलं असेल का? मला त्याचं बरोबर वाटतं. निमित्तामागे ओढ असते, हे दोघांना माहीत असतं. भिडेमागे काय आहे, ते समोरच्याला कळायला मार्गच नसतो.

इथे हमखास कुणीतरी 'सत्यं ब्रूयात् प्रियं ब्रूयात्' ऐकवतं. आमच्याकडेही ऐकवलं गेलं: अप्रिय सत्य बोलू नये, म्हणजे ती बरोबरच वागली. पण हा श्लोक अर्धाच म्हटला जातो. मनुस्मृतीत पुढची ओळ आहे, 'प्रियं च नानृतं ब्रूयात्', प्रिय असलं तरी खोटं बोलू नये. म्हणजे अप्रिय सत्य गिळून गप्प बसायची मुभा आहे, 'छान' म्हणायची नाही.

तिने पुढे काय केलं ते मात्र ऐकण्यासारखं आहे. त्याच्या सगळ्या कविता प्रिंट काढून लेडीज डब्यात बसून वाचल्या, आणि पेन्सिलने खुणा करून परत दिल्या. 'ही ओळ काढ.' 'हे दोनदा आलंय.' 'हे मला कळलं नाही.' एका कवितेखाली नुसती दुहेरी रेघ होती, हिशेबात अंतिम बेरजेखाली मारतात तशी. त्यावर त्याने कबूल केलं की दादरला काही काम नसतं. ती म्हणाली, "माहितीये. दादरला रोज काम असणारा माणूस एक तर फुलवाला असतो, नाहीतर टीसी."

एका प्रयोगाबद्दल मात्र माझं अजून ठरत नाही. 'आलोच', 'निघालोच', 'पोचलोच'. रूप भूतकाळाचं, क्रिया अजून व्हायची. तो टेबलावरून उठलेलाही नसतो आणि गेटपाशी उभ्या असलेल्या तिला मेसेज जातो, "निघालोच." ती म्हणते ही शुद्ध थाप. मला वाटतं नाही, कारण मराठी भूतकाळ तात्काळ घडणाऱ्या गोष्टीसाठी वापरतेच. "मेलो!" म्हणणारा जिवंत असतो आणि त्याला कुणी खोटं पाडत नाही. इथे 'च' नुसती खात्री देतो की उशीर झाकतो? तुमच्याकडे, विशेषतः मालवणीत आणि वऱ्हाडीत, असं रूप आहे का, आणि ते ऐकणारा किती वेळ थांबायचं समजतो?