पोरगा गुणी आहे, मग असा चाचपडतो का?

आडवा_पास:
अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या शिकागो बेअर्सचे २०२४ चे सामने पुन्हा बघायला घेतलेत. त्यांचा क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा सूत्रधार) केलेब विल्यम्स. २०२२ ची हाइझमन ट्रॉफी (कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूची), ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिला नंबर, पळता पळता कुठूनही बॉल फेकतो. आणि पहिल्याच वर्षी ६८ सॅक (बॉल फेकायच्या आधीच पाडला जाणं), टीम ५ जिंकली, १२ हरली. बरं, त्याचे स्वतःचे आकडे बघावेत तर २० टचडाऊन आणि फक्त ६ इंटरसेप्शन (पास विरोधकांनी झेलणं), म्हणजे टाकाऊ नक्कीच नाहीत. पण बघताना जीव खालीवर होतो. चुकतंय कुणाचं? 'लाइन (क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची भिंत) खराब होती' एवढंच सांगू नका, ते मलाही दिसतं.

निवांत_नाना:
सॅक मोजू नकोस. सॅकच्या आधीचे दोन डाऊन (दहा यार्ड गाठायला मिळणाऱ्या चार संधींपैकी) बघ.

पहिल्या डाऊनवर रन, मिळाला एक यार्ड. दुसऱ्यावर घाईघाईचा छोटा पास, तो पडला. आता तिसरा डाऊन आणि अजून नऊ यार्ड पाहिजेत. पास येणार हे स्टेडियममधल्या पोराटोरांनाही कळतं. मग डिफेन्सला ब्लिट्झ करायची (जादा माणसं अंगावर सोडायची) गरजच काय? चौघे पुढे सोडायचे, सात जण मागे पसरायचे. रिसीव्हरला (बॉल झेलणाऱ्याला) मोकळं व्हायला तीन सेकंद लागतात आणि टॅकल (लाइनच्या टोकाचा रक्षक) देतोय दोन. तिथे कुणाचाही हात असू दे, हिशेब बसतच नाही.

आता त्याच्या पायांकडे बघ. पाच पावलांचा ड्रॉप (बॉल घेऊन मागे सरकणं) असेल तर पाचवं पाऊल टेकतं तेव्हा पहिला रिसीव्हर वळायला हवा आणि बॉल सुटायला हवा. सारखा मार खाणारा पोरगा चौथ्याच पावलाला मान फिरवतो. नजर सेफ्टीवरून (डिफेन्सच्या सर्वांत मागच्या माणसावरून) उतरून समोरच्या एंडवर (कडेने चाल करून येणाऱ्यावर) येते. एकदा नजर खाली आली की मागे कोण मोकळं आहे ते दिसणार कसं? आणि मग ज्या प्ले मध्ये लाइन नीट उभी राहिली, त्यातही तो उगाच बाहेर पळतो. खरं नुकसान हे आहे, आणि ते कुठल्याच आकड्यात येत नाही.

१० नोव्हेंबरचा पॅट्रियट्सचा सामना लाव. १९-३ ने हरले, नऊ सॅक. दोन दिवसांनी आक्रमणाचे डाव ठरवणाऱ्या कोऑर्डिनेटर शेन वॉल्ड्रनला काढलं. थँक्सगिव्हिंगला डेट्रॉइटमध्ये टाइमआउट हातात असून शेवटचे सेकंद वाहून गेले, दुसऱ्या दिवशी हेड कोच एबरफ्लस घरी. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी भर सीझनमध्ये मास्तर बदलतात, आणि आपण विचारतो पोरगा गोंधळतो का!

तिरकस:
नाना, सगळं खापर दुसऱ्यांवर फोडू नका. कॉलेजमध्येही तो बॉल धरून बसायचा, तिथे पळून निभायचं. एनएफएलचे एंड पळू देत नाहीत. सॅक हा निम्मा क्वार्टरबॅकचाच आकडा असतो. शिवाय मूर, कीनन अॅलन, ओडुंझे, रिसीव्हर काय कमी होते? सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक जो बरो, त्यानेही २०२१ मध्ये ५१ सॅक खाल्ले. प्लेऑफमध्ये टेनेसीने त्याला नऊ वेळा पाडला, तरी सामना जिंकला आणि पुढे सुपर बोल गाठला.

निवांत_नाना:
बॉल धरतो हे कबूल, शंभर टक्के. दुसऱ्या सेकंदाला फेकून द्यायचा बॉल तो चौथ्यापर्यंत जपतो.

पण बरोचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे रे. दुसरं वर्ष, तोच कोच, तीच प्लेबुक (डावांची वही), आणि समोर एलएसयू कॉलेजपासूनचा जोडीदार रिसीव्हर जमार चेस. लाइन गळकी होती, पण बाकी घर उभं होतं. बेअर्सकडे रिसीव्हरांची नावं मोठी, पण केलेबला सगळेच नवे.

उलट क्वार्टरबॅक डेव्हिड कार बघ. २००२, ह्यूस्टनची कोरी टीम, ड्राफ्टचा पहिला नंबर, ७६ सॅक. तो विक्रम अजून मोडलेला नाही. तीन वर्षांनी परत ६८. हात त्याचाही चांगला होता. पण पुढे तो कधी सावरला नाही.

लेफ्टी_टॅकल:
रॅम्सचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ, त्याला विसरलात. २०१६ मध्ये सात सामने सुरू केले, सातही हरला. लोकांनी 'फुसका' म्हणून निकालात काढला होता. २०१७ ला कोच मॅकव्हे आला (नेमला तेव्हा वय ३०!), लाइनच्या डाव्या बाजूला व्हिटवर्थ आणला, रिसीव्हर वुड्स आणि कप आले. सर्वांत कमी गुण करणारी रॅम्स एका वर्षात सर्वांत जास्त गुण करणारी झाली. गॉफ तोच.

आडवा_पास:
म्हणजे कोच बदलला की झालं?

निवांत_नाना:
अरे नाही. नुसता कोच बदलून लाइन तीच ठेवली की पुढच्या वर्षी त्यालाही काढतात. बेअर्सनी २०२५ ला हेड कोच म्हणून बेन जॉन्सन आणला, पण सोबत लाइनचा मधला भागच नवा घेतला: थूनी आणि जॅक्सन ट्रेडमध्ये (दुसऱ्या टीमशी अदलाबदलीत), सेंटर डॅलमन फ्री एजन्सीतून (करार संपलेल्या खेळाडूंमधून). तू २०२५ चेही सामने लाव. बॉल कुठे पडतो ते नंतर बघ, आधी पहिल्या डाऊनला किती यार्ड मिळतात ते लिहून ठेव. आणि तिरकसराव म्हणतात ते बॉल धरणं त्यात कितपत उरलंय तेही बघ, मला वाटतं पुरतं गेलेलं नाही.