मदत हवी आहे: मध्य की मध्यक, हे मुलांनी ठरवावं कसं?

दहावीच्या गणित भाग 1 मधल्या सांख्यिकीत मध्य (म्हणजे सरासरी) काढायच्या तिन्ही पद्धती (सरळ, गृहीतमध्य, मध्यप्रमाण विचलन) मुलं बिनचूक करतात. अडतं ते कोणतं माप कधी घ्यायचं इथे. उदाहरणार्थ, नऊ कामगारांना प्रत्येकी 12,000 रुपये पगार, व्यवस्थापकाला 1,92,000. मध्य 30,000, मध्यक (पगार क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत) 12,000. पण 30,000 पगार एकालाही नाही, हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण प्रश्नानेच ‘मध्य काढा’ असं सांगून टाकलेलं असतं.

एका तासिकेत होईल अशी, 30-40 नोंदींची, एका बाजूला झुकलेली खरी माहिती कोणाकडे आहे का? बाजार समितीतले कांद्याचे भाव, गावातली जमीनधारणा, काहीही चालेल. फक्त कच्च्या नोंदी हव्यात, तयार वारंवारता सारणी (कोणत्या गटात किती नोंदी, याचा तक्ता) नको. नोंदींचे वर्ग (गट) कसे पाडायचे हे मुलांनीच ठरवायला हवं.