मदत हवी आहे : ‘सेफ्टी’ आणि ‘सिक्युरिटी’ वेगळे कसे लिहू?
नमस्कार मंडळी. मी बडोद्याचा, दांडिया बाजारातला. मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याच्या मराठी कामगारांसाठी सूचनापत्रक लिहितोय आणि ‘सेफ्टी’पाशी अडलोय. हेल्मेट, हातमोजे, गॅसगळती ही सेफ्टी. कुलूप, चोरी, गेटवरचा पहारा ही सिक्युरिटी. मराठीत दोन्हींना ‘सुरक्षा’च! ‘सुरक्षा अधिकाऱ्याला कळवा’ लिहिलं, तर माणूस नेमका वॉचमनकडे जाणार. ‘सलामती’ सुचलं, पण आई म्हणाली, हे तर गुजराती झालं. (‘सिक्युअर’चं लॅटिन मूळ म्हणजे ‘काळजीविना’, आपलं निर्धास्त. गोड आहे, पण पत्रकात काय कामाचं?) सयाजीरावांच्या काळातला १९३१चा ‘शासनशब्दकल्पतरू’ हा राज्यकारभारातल्या शब्दांचा कोश कोणाकडे असेल, तर त्यात ‘सेफ्टी’ला काय दिलंय बघाल का? की सरळ ‘सेफ्टी’च ठेवू?