कड्यांचं चिलखत काखेत उसवतंय

प्रश्न: तार १.६ मिमी, कडीचा आतला व्यास १० मिमी, एका कडीत चार (प्रत्येक कडीत शेजारच्या चार कड्या ओवलेल्या) अशी वीण. लढतीच्या सरावात काखेतल्या कड्या उघडतात. उपाय?

उत्तर १: व्यास तारेच्या जाडीच्या सहापटीहून जास्त, म्हणून कडी सहज वाकते. ८ मिमी घ्या. मिटताना टोकं एकमेकांच्या किंचित पुढे नेऊन मागे आणा, घट्ट भिडतात.

उत्तर २: लढतीसाठी रिव्हेटच (टोकं जोडणारी, ठोकून बसवलेली छोटी खीळ) हवा. तार तापवून मऊ करा, टोकं एकमेकांवर चढवून चपटी ठोका, भोक पाडून रिव्हेट बसवा. जस्ताचा मुलामा असलेली तार मात्र अजिबात तापवू नका, धूर बाधतो!

उत्तर ३: आत जाड भरावाचा अंगरखा हवाच, कड्यांनी मुका मार थांबत नाही. काखेत कड्यांचा चौकोनी जोडतुकडाही द्या. हात वर गेला की सगळा ताण तिथेच येतो.