'अ सेपरेशन' : घर मोडलं कुणी?

निंबोणी

इराणी दिग्दर्शक असगर फरहादींचा 'अ सेपरेशन' (२०११) परवा पुन्हा पाहिला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी इथूनच मागे फिरावं, पुढे सगळी गोष्ट फोडणार आहे.

तेहरानमधलं मध्यमवर्गीय जोडपं. सिमिनला मुलीला घेऊन देश सोडायचाय, व्हिसाचे ४० दिवस उरलेत. नादेरला अल्झायमर झालेल्या वडिलांना टाकून जायचं नाही. घटस्फोटाला त्याची हरकत नाही, पण मुलीला, तेर्मेहला, तो पाठवणार नाही. सिमिन माहेरी निघून जाते. म्हाताऱ्याला बघायला राझिए ही गरोदर बाई कामाला येते. एक दिवस ती त्यांचा हात पलंगाला बांधून बाहेर जाते, नादेर परत येतो तेव्हा वडील जमिनीवर पडलेले. भांडणात तो तिला दाराबाहेर ढकलतो, तिचं मूल जातं आणि प्रकरण खुनाच्या आरोपापर्यंत पोचतं.

या सिनेमाबद्दल 'दोघंही आपापल्या जागी बरोबर' हे वाक्य वाचून वाचून कंटाळा आलाय. मला तरी सिनेमा तसं म्हणताना दिसत नाही. संसार नादेरने मोडला. बायको बॅग भरते, तो एकदाही 'जाऊ नकोस' म्हणत नाही. ताठा! राझिएवर पैसे चोरल्याचा आळ घेतो तो प्रसंग आठवा. ते पैसे सिमिनने पियानो नेणाऱ्या हमालांना जास्तीच्या मजल्याचे म्हणून ड्रॉवरमधून काढून दिलेले असतात, सुरुवातीलाच, आपल्या डोळ्यांदेखत. नादेरने बायकोला एक फोन केला असता तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण फोन करायचा म्हणजे कमीपणा.

वऱ्हाडी_ठेचा

साफ असहमत. कमाल आहे बाप्पा! घर सोडून गेली सिमिन, घटस्फोटाचा अर्ज केला सिमिनने, पैसे न सांगता उचलले सिमिनने आणि मोडणारा नादेर? वडिलांना तू त्यांचा मुलगा आहेस हेही कळत नाही, असं ती म्हणते. त्यावर तो म्हणतो, मला तर कळतं ना ते माझे वडील आहेत! आपल्याकडे असा मुलगा निघाला तर गावभर कौतुक होईल. ज्याला सोडून जाता येत नाही त्याला ताठा म्हणायचं?

दुपारचा_चहा

गावभर कौतुक मुलाचंच होतं, तीच तर गोम आहे. माझ्या सासूबाईंना स्मृतिभ्रंश होता, घरीच केलं सगळं, त्यामुळे हा सिनेमा मला पोटात बसला. सिमिन निघते तेव्हा सासरे तिचा हात धरून ठेवतात, सोडतच नाहीत. आजवर त्यांचं कोण करत होतं, ते त्या एका धरलेल्या हातात कळतं. ती गेल्यावर नादेर काय करतो? दुसरी बाई ठेवतो. त्याचं वडिलांवर प्रेम नाही असं अजिबात नाही. बाथरूममध्ये त्यांना अंघोळ घालताना तो त्यांच्या पाठीवर डोकं टेकून रडतो, तिथे मीही रडले. पण दिवसभराचं करायचं असतं ते रडण्याच्या पलीकडचं असतं.

राझिएचं बघा. म्हाताऱ्याने कपडे ओले केलेत, परपुरुषाला हात लावणं पाप होईल का हे ती आधी फोन करून विचारते, मग कपडे बदलते. सोबत तिची छोटी सोमायेह, ती म्हणते, मी बाबांना सांगणार नाही. हा प्रसंग लिहायला माणसं बघितलेली असावी लागतात.

पावशेर

एवढं सगळं ठीक, पण शेवट? दोन तास बसवून ठेवलं आणि मुलगी आईकडे की बापाकडे ते सांगितलंच नाही. कोर्टाच्या बोळात दोघं काचेच्या दाराच्या दोन बाजूंना, आणि पडद्यावर नावं सुरू. मला तर ही चक्क पळवाट वाटली. दिग्दर्शकालाच ठरवता आलं नाही म्हणून आमच्या गळ्यात मारलं. यालाच म्हणे ऑस्कर!

काळाकोट

पावशेर, ऑस्करबरोबर बर्लिन महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, सुवर्ण अस्वलही मिळालंय, तिथे काय नाव ठेवणार?

शेवट पळवाट नाही. कौटुंबिक न्यायालयात वकिली करते म्हणून सांगते. मुलीने काय निवडलं हा प्रश्नच दुय्यम आहे, तिला निवडायला लावलं हाच सिनेमाचा निकाल आहे. आपल्याकडे ताब्याच्या वादात न्यायाधीश मुलांशी बंद खोलीत बोलतात. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यातही (कलम १७) आहे की, मूल समजत्या वयाचं असेल तर त्याची पसंती न्यायालय विचारात घेऊ शकतं. घेऊ शकतं, एवढंच. मुलाच्या हिताचा निर्णय मोठ्यांचा. तरी पक्षकार बाहेर पोरांना पढवून आणतात, 'साहेबांना काय सांगायचं ते लक्षात आहे ना?' पोरं मान हलवतात. तेर्मेहला कुणी पढवत नाही, म्हणून तर ती जास्त फसते.

तिची खरी उलटतपासणी आधीच होऊन गेलीय. राझिए गरोदर आहे हे ठाऊक होतं का, असं ती बापाला विचारते. तो कबूल करतो, ठाऊक होतं, पण त्या क्षणी डोक्यात नव्हतं आणि कायद्याला असलं काही समजत नाही. मग तुला वाटत असेल तर जाऊन खरं सांगतो म्हणून जबाबदारी तिच्यावर टाकतो. ती न्यायाधीशांसमोर बापासाठी खोटं बोलते. परतताना गाडीत तिचे डोळे बघा. नादेर आरोपातून सुटला असेल, माझ्या मते मुलीच्या नजरेतून तिथेच उतरला.

निंबोणी

काळाकोट, माझा मुद्दा माझ्यापेक्षा चांगला मांडलात. प्रामाणिकपणाचा टेंभा मिरवणारा माणूस स्वतःचं खोटं पोटच्या पोरीकडून वदवून घेतो!

वऱ्हाडी_ठेचा

आणि सिमिन काय करते? पैसे देऊन मिटवा म्हणून मागे लागते. नवरा म्हणतो, मी पैसे दिले म्हणजे गुन्हा कबूल केला. बरोबर आहे त्याचं! राझिएला आदल्या दिवशी गाडीचा धक्का लागला होता, ढकलल्यामुळेच मूल गेलं याची तिलाच खात्री नव्हती. कुराणावर हात ठेवायची वेळ आली तेव्हा तिला शपथ घेता आली नाही. मिटवलं असतं तर हे बाहेर आलंच नसतं. ताठ्यामुळेच खरं निघालं.

काळाकोट

राझिएने आपली शंका आधी सिमिनलाच येऊन सांगितली होती. आणि मिटवामिटवीत पळपुटेपणा काय आहे? होज्जत, राझिएचा नवरा, शाळेपाशी घिरट्या घालत होता. मुलीच्या जिवाची भीती वाटलेली आई आणखी काय करणार? तुमचं 'खरं' निघालं, त्यानंतर त्या घरात काय उरलं?

सातासमुद्रापार

तुमचं नादेर-सिमिन चाललंय, पण शपथेच्या त्या रात्री राझिएच्या घरात जे मोडलं ते कुणाच्या खिजगणतीत नाही. होज्जत कर्जात बुडालेला, बेकार, देणेकरी दिवाणखान्यात बसलेले. बायको शपथ घेत नाही म्हटल्यावर तो स्वतःलाच मारून घेतो. नादेर-सिमिनला निदान परदेशाचा व्हिसा मिळतो, वकील कळतात, न्यायाधीशांसमोर सुसूत्र बोलता येतं. होज्जत तोंड उघडतो की आरडाओरडाच होतो, आणि त्याचाच त्याच्या विरुद्ध वापर होतो. घटस्फोटाचा सिनेमा म्हणून बघायला बसलो आणि निघाला वर्गाचा.

आणखी एक. न्यायाधीश विचारतो, मुलीला 'या परिस्थितीत' वाढवायचं नाही म्हणजे कसल्या परिस्थितीत? सिमिन गप्प. मी देश सोडून आलेला माणूस, ते गप्प बसणं मला कळतं. चित्रीकरण चालू असताना २०१० मध्ये सरकारने फरहादींची परवानगी काही काळ काढून घेतली होती. तिने उत्तर दिलं असतं तर सिनेमा आपल्यापर्यंत आला असता का कोण जाणे. निदान या एका गोष्टीवरून तिला 'घर सोडून गेलेली बाई' म्हणू नका.

पावशेर

झालं, आता राजकारण आलं. धागा भरकटणार.

दुपारचा_चहा

भरकटू दे की. पावशेर, शेवटच्या प्रसंगात सगळ्यांचे कपडे काळे आहेत, पाहिलंत का? आजोबा गेलेले दिसतात. ज्यांच्यासाठी नादेर अडून बसला होता ते आता नाहीत, तरी दोघं एकत्र येत नाहीत. म्हणजे अडचण म्हाताऱ्याची नव्हतीच.

पावशेर

नव्हतं पाहिलं. हे मान्य. तरी शेवट सांगायला हवा होता.

वऱ्हाडी_ठेचा

ताई, हे मात्र माझ्या बाजूचं निघालं! म्हातारा आड नव्हता, तर मग आता नवऱ्याशी बोलून राहायला सिमिनला कोण अडवत होतं? आणि एक प्रसंग कुणीच काढला नाही. पेट्रोलपंपावर नादेर तेर्मेहला गाडीतून उतरवून पेट्रोल भरायला लावतो, माणसाने ठेवून घेतलेले उरलेले पैसे परत मागायला पाठवतो, आणि आणलेले पैसे तिलाच देऊन टाकतो. जगात कुणापुढे दबू नको हे पोरीला शिकवणारा बाप आहे तो. मला विचाराल तर ती बापाकडेच राहिली.

निंबोणी

दबायचं नाही हे शिकली असेल तर बापापुढेही दबणार नाही. माझ्या मते आईकडे गेली.