उडत्या गरुडाचे फोटो: लेन्स बदलू की आणखी काही चुकतंय?

डोंगरवेडा:
मंडळी, मदत हवी आहे. निसर्गदृश्यं बरी काढतो, पण वर्षभरापासून गरुडांच्या नादाला लागलोय आणि तिथे पार नापास. क्रॉप (लहान) सेन्सरची बॉडी, १५०-६०० मिमी झूम. बसलेला गरुड छान येतो. उडाला की गंमत संपली. एक तर फ्रेममध्ये सापडत नाही, सापडलाच तर धूसर, आणि आकाशावर नुसती काळी आकृती. परवा साडेचारशे फ्रेम काढल्या, ठेवण्यासारख्या चार. आता ५०० मिमीची प्राईम (झूम न होणारी लेन्स) घ्यावी म्हणतोय. दोष लेन्सचाच आहे ना? तीन फोटो खाली डकवलेत.

टिटवी:
आधी वाईट बातमी. तिसऱ्या फोटोत गरुड नाही, घार आहे. शेपटीची खाच बघा. :) पण हरकत नाही, घारींवरच हात बसवा. त्या सहज सापडतात आणि झटकन वळतात. त्यांना फ्रेममध्ये धरता आलं की गरुड सोपा वाटेल, कारण जड पक्षी सावकाश वळतो.

जुनाजाणता:
एक्झिफ (फोटोत साठलेली सेटिंगची नोंद) पाहिला. शटर १/६४० सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) २००. अहो, निसर्गदृश्याची सवय दिसतेय! घिरट्या घालणाऱ्या गरुडाला निदान १/२००० हवा, झेप घेताना किंवा सूर मारताना १/३२००. आयएसओ १६०० पर्यंत बिनधास्त जाऊ द्या. दाणे नंतर कमी करता येतात, हललेलं पीस सरळ करता येत नाही.

काळ्या आकृतीचं म्हणाल तर कॅमेरा उजळ आकाश मोजतो आणि पक्षी अंधारात ढकलतो. एक्सपोजर एक ते दीड स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). मात्र पांढऱ्या डोक्याचा गरुड गर्द झाडीसमोरून जात असेल तर उलटं करा, पाऊण स्टॉप कमी, नाहीतर डोक्याची पिसं चुन्यासारखी सपाट होतात.

आणि ६०० ला शोधू नका. फुल फ्रेमवरसुद्धा (मोठ्या सेन्सरवर) ६०० मिमीला कर्णात जेमतेम चार अंश दिसतात, तुमच्या क्रॉपवर त्याहून कमी. ३०० ला पक्षी पकडा, फोकस बसला की झूम वाढवा. लेन्सवर फोकस मर्यादेचं बटण असेल तर ते 'दूर'वर ठेवा, म्हणजे फोकस जवळच्या फांदीपर्यंत जाऊन परत येण्यात वेळ घालवत नाही.

फिरस्ती:
जाणते सगळं बोललेत, पण माझ्या मते अर्धा खेळ कॅमेऱ्याबाहेर आहे. गरुड बसलाय म्हणून आपण स्क्रीनवर जुने फोटो बघत बसतो आणि तो नेमका तेव्हाच उडतो. पक्ष्याकडे बघत राहा. उडायच्या आधी तो अंग सैल करतो, पुढे झुकतो, बऱ्याचदा शेपटी उचलून पिचकारी मारतो. ती पिचकारी म्हणजे तुमची घंटा. बोट शटरवर, दोन-तीन सेकंदांत पंख उघडू शकतात.

तो वाऱ्याच्या तोंडावर उडतो आणि उतरतोही तसाच. म्हणून वारा आणि सूर्य दोन्ही तुमच्या पाठीशी असतील अशी जागा धरा, मग तो तुमच्याकडे तोंड करून येईल. मी एकदा वाऱ्याकडे लक्ष न देता तीन तास बसलो होतो. त्या दिवशीचा प्रत्येक फोटो शेपटीचा आहे.

वेळ सकाळचीच. जमीन तापून गरम हवा वर चढायला लागली की गरुड तिच्यावर स्वार होऊन उंच जातात आणि आपल्याला खालून सावलीतलं पोट मिळतं. त्याआधी उडावं लागलं तर पंख मारत, खालून जातात. कोवळं ऊन पंखांच्या आतल्या बाजूलाही पोचतं.

पानगळ:
धूसरपणाचं आणखी एक कारण कुणी लिहिलं नाही. दुसरा फोटो दुपारचा आणि लांबचा आहे ना? तापलेल्या जमिनीवरची हवा लहरते, तिथे कितीही महागाची लेन्स लावा, पिसांच्या कडा वितळल्यासारख्याच दिसणार. गाडीतून काढत असाल तर इंजिन बंद, काच पूर्ण खाली, दारावर लेन्स टेकवायला बीनबॅग. गाडीला पक्षी फार बिचकत नाही, दार उघडून माणूस उतरला की मात्र उडतो.

पाचवागिअर:
एवढं कशाला? घरटं शोधा आणि जवळ लपणं लावून बसा. दिवसातून चार फेऱ्या हमखास.

फिरस्ती:
@पाचवागिअर, हे करू नका. जोडी बिथरून घरट्यावरून उठली की अंडी गार पडतात, आणि मोठं झालेलं पिल्लू घाबरून वेळेआधी उडी मारतं. गरुड डोक्यावर ओरडत फिरतोय किंवा घरट्याकडे परततच नाहीये, तर तुम्ही फार जवळ आहात, उठा आणि निघा. आमिष टाकणंही नको. घरट्याची जागा कुणाला सांगू नका, आणि फोटो टाकण्याआधी त्यातली जीपीएस नोंद पुसा.

टिटवी:
+१

डोंगरवेडा:
सगळ्यांचे आभार. आज पहाटे गेलो, १/२५००, दीड स्टॉप वर, वारा पाठीशी. चाळीस मिनिटं तो नुसता मान फिरवत होता. मग खरंच पिचकारी! एकूण २१० फ्रेम, अकरा ठेवल्या. सर्वात छान फ्रेममध्ये, पंख पूर्ण ताणलेले, पाय अजून फांदीवर, पण डोळा निळसर पांढरा आलाय. फोकस चुकला का?

जुनाजाणता:
फोकस बरोबर आहे. ती तिसरी पापणी, डोळ्यावरून आडवी सरकते. म्हणूनच लांबलचक बर्स्ट (सलग फ्रेम) मारायचा. शेजारची फ्रेम उघडून बघा.

डोंगरवेडा:
बघितली. डोळा उघडा आहे, पण पंखाचं टोक कापलंय. :(

जुनाजाणता:
६०० वर होतात ना?

डोंगरवेडा:
हो. उद्या ४०० वर.