संत जेरोमच्या खोलीतून पाउलाला कुणी काढलं?

कोरांटी: जर्मन चित्रकार ड्यूररचं १५१४ सालचं ताम्रपटावर कोरलेलं जेरोमचं चित्र बघा. जेरोम म्हणजे बायबल लॅटिनमध्ये आणणारा चौथ्या शतकातला ख्रिस्ती संत. खिडकीच्या गोल काचांतून ऊन आलंय, खिडकीशी कवटी, भिंतीवर कार्डिनलची, म्हणजे पोपखालच्या बड्या धर्माधिकाऱ्याची टोपी, पुढ्यात सिंह आणि कुत्रा पेंगतायत, आणि पार मागे म्हातारा एकटाच लिहितोय. सुरेखच आहे, पण धादांत खोटं. चौथ्या शतकात तशी टोपी घालणारे कार्डिनल नव्हतेच. सिंह गेरासिमस या दुसऱ्याच संताच्या गोष्टीतून इकडे आला. तेही चालवून घेऊ. मला खुपतो तो एकटेपणा. हिब्रूवरून लॅटिन बायबल करण्याचं काम त्याने बेथलेहेमला केलं, आणि तिथले मठ उभे राहिले पाउला या रोमन विधवेच्या पैशावर. ती आणि तिची मुलगी युस्टोकियम हिब्रू शिकल्या, शंका विचारून त्याला भंडावत. कित्येक भाष्यं त्याने त्यांच्याच आग्रहाखातर लिहिली. चित्रकारांना मात्र सिंह दिसला!

जुना खडू: साफ असहमत. कटेवर हात दिसले की विठोबा, तसा सिंह दिसला की जेरोम. निरक्षर भाविकाला खूण लागते, इतिहास नव्हे. आणि एकटेपणाची जाहिरात चित्रकारांनी नाही, खुद्द जेरोमने केली. वाळवंटात विंचू आणि श्वापदंच माझे सोबती, असं त्याने ३८४च्या सुमारास लिहिलं, तेही युस्टोकियमलाच! प्रत्यक्षात तिथे त्याच्याजवळ ग्रंथ होते, नकला करणारी पोरं होती. शिवाय स्पॅनिश चित्रकार झुर्बारानने जेरोम, पाउला, युस्टोकियम तिघांना एकत्र रंगवलंय, ते सोयीस्कर विसरलात.

तिरपागडा: पाउलाला आणायचं तर सगळीच आणा. तिची थोरली मुलगी ब्लेसिला ३८४ साली वारली. जेरोमच्या नादाने केलेल्या उपासांनी पोरगी गेली, असं रोममध्ये लोक बोलत होते. आणि या बाबाने आईला पत्र धाडलं ते काय, तर इतका शोक बरा नव्हे! वर्षभरात त्याला रोम सोडावं लागलं. मागोमाग पाउलाही निघाली. तिचा धाकटा मुलगा टोक्सोटियस किनाऱ्यावर हात पसरून उभा, मुलगी रुफिना माझ्या लग्नापर्यंत तरी थांब म्हणून मूकपणे रडतेय, आणि ही कोरड्या डोळ्यांनी आकाशाकडे बघतेय. हे जेरोमनेच, तिच्या मृत्यूनंतर ४०४ साली, एका पत्रात कौतुकाने लिहिलंय. मला तरी वाचवत नाही.

कोरांटी: @तिरपागडा, आणा की! मला देव्हाऱ्यातली पाउला नकोच आहे. किनाऱ्यावरचा तो निरोप कुणी ताकदीने रंगवला तर ड्यूररची खोली त्यापुढे सपक वाटेल.

@जुना खडू, झुर्बारानच्या चित्रात जेरोम लाल कार्डिनली झग्यात मधोमध, आणि मायलेकी दोन बाजूंना श्रोत्या. त्याच ४०४च्या पत्रात तो कबूल करतो की हिब्रूसाठी मी तरुणपणापासून घाम गाळला, तरी पुरती आली नाही; पाउला मात्र स्तोत्रं हिब्रूत गायची आणि उच्चारात लॅटिनचा मागमूस नसायचा. मग तिच्या हातात पुस्तक द्यायला काय हरकत होती?